काचेवर लावलेली फिल्म

जालना
९ फेब्रुवारी २००४

डॉक्टरसाहेब,

मी पुष्पाबाई, तुमच्या जालन्याच्या दवाखान्यातली ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ओळख द्यायची वेळ यावी हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल, पण साडेआठ वर्षांत दोघांनीही एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा दिलेली बरी. पत्ता धर्मराज कंपाउंडरनं दिला. म्हणाला, साहेब नाशिकला नर्सिंगच्या मुलींना शिकवतात, ऑपरेशन मात्र करत नाहीत. मी म्हटलं, मुलींचं काही खरं नाही. ही थट्टा समजा. तुमच्याइतकं चांगलं शिकवणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

आता कामाचं लिहिते. माझ्या थोरल्या भावाच्या, केदारखेड्याच्या श्रीपतीदादाच्या, नाकात पुन्हा मांस वाढलं आहे. १९९५ च्या जुलैत तुम्ही त्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं आणि त्यात त्याचा डावा डोळा गेला. हे तुम्ही विसरला नसाल. आता दुखणं उजव्या बाजूला आहे. बुरशी झाली आहे, ती आतलं हाड खात चालली आहे आणि उजवा डोळा थोडा पुढं आल्यासारखा दिसतो. दिवाळीपर्यंत दादा भोकरदनच्या बसची पाटी लांबून ओळखायचा. आता बस थांबली की लोकांना विचारतो आणि वर म्हणतो, पाट्याच आजकाल नीट रंगवत नाहीत. हा डोळा गेला तर त्याला दुसरा नाही.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला आणि पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात शैला मॅडमकडं पाठवलं. ऑपरेशन करताना हत्यार कुठं आहे ते सी.टी.च्या चित्रावर दाखवणारं यंत्र त्यांच्याकडं आहे. त्या करायला तयार आहेत, पण त्यांना पहिल्या ऑपरेशनची टिपणं हवीत. कुठपर्यंत साफ केलं, काय राहिलं, डोळ्याला इजा नेमकी कुठं झाली. तुमच्या दवाखान्याच्या जागेत आता दहावीच्या मुलांचे क्लास चालतात. कागद रद्दीत गेले. सी.टी.ची जुनी फिल्म कुठं गेली ते माहीत नाही. तेव्हा जे आठवतं ते लिहून पाठवावं, आणि जल्दी पाठवावं.

हे पत्र दोष द्यायला लिहिलेलं नाही. माझी वहिनी गोजरबाई अजून तुमच्या नावानं बोटं मोडते, पण मी कुठं पत्र लिहावं हे तिला विचारत नाही.

पुष्पाबाई


जालना
२७ फेब्रुवारी २००४

डॉक्टरसाहेब,

पत्र मिळालं. तीन पानांचं टिपण आणि वेगळ्या कागदावर चार ओळी. टिपण आम्ही पुण्याला नेऊन दिलं. शैला मॅडमनी ते उभ्या उभ्याच वाचलं आणि म्हणाल्या, स्वतःच्या चुकीबद्दल इतकं सरळ लिहिणारे डॉक्टर कमी असतात. त्यांना हवं ते त्यात सापडलं. डावी बाजू तुम्ही बिनधास्त उघडली होती आणि उजवी जपून जपून, अर्धीच साफ केली होती. उजवीकडं उरलं होतं तेच आता वाढलंय, असं त्या म्हणाल्या.

चार ओळींचा कागद मी त्यांना दाखवला नाही. तुम्ही लिहिलंय, 'फिल्म बरोबर होती. दुसऱ्या दिवशी ती मी पुन्हा पाहिली. डाव्या डोळ्याजवळची हाडाची भिंत खाल्लेली त्यात स्पष्ट दिसत होती आणि मी ती उजवी समजून काम केलं. टेबलाशी उभं राहून ज्याला डावं-उजवं राहत नाही त्यानं हत्यार धरू नये, म्हणून सोडलं.' हा कागद मी दोनदा वाचला. त्यावर आज काही लिहीत नाही.

यंत्राबद्दल तुम्हाला कुतूहल असेल. आपल्या वेळी यातलं काही नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटच्या कपाळावर, भुवयांवर, कानशिलांवर बटणाएवढ्या नऊ गोल चकत्या चिकटवतात आणि मग अगदी बारीक बारीक कापांचा सी.टी. काढतात. चित्रात चकत्याही येतात. ऑपरेशनच्या वेळी डोक्याला एक पट्टा, वर कॅमेरा आणि हत्याराच्या मुठीला चकचकीत गोळ्या. मॅडम हत्याराचं टोक एकेका चकतीवर टेकवतात आणि यंत्राला पटवतात की चित्रातली भुवई ती हीच. त्यानंतर टोक नाकात कुठंही गेलं की पडद्यावरच्या चित्रात तिथं फुली दिसते. डोळा किती लांब, मेंदूचा तळ किती लांब, सगळं दिसतं.

दादानं हे सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे मोजणीवाल्यावानी. बांध कुठं हाय ते आधी कागदावर, मंग वावरात."

मॅडमना ते आवडलं. मी त्यांना विचारलं, यंत्र चुकत नाही का? त्या म्हणाल्या, चुकतं. सुरुवातीला त्याला चुकीची भुवई सांगितली तर पुढं ते चुकीची जागा तितक्याच खात्रीनं दाखवतं. त्यामुळं चकत्या जागच्या हलता कामा नयेत, हे त्यांनी गोजरवहिनीला दोनदा बजावलं. ऑपरेशन मंगळवारी, सोळा मार्चला ठरलं आहे.

पुष्पाबाई


पुणे
१८ मार्च २००४

डॉक्टरसाहेब,

ऑपरेशन झालं नाही. मी थांबवलं.

सोमवारी चकत्या लावून सी.टी. काढला. प्रत्येक चकतीभोवती निळ्या शाईनं गोल आखला. पाणी लावू नका म्हणून सांगितलं. आम्ही हॉस्पिटलजवळ नात्यातल्या एकांकडं उतरलो होतो. मंगळवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं. मी पुढं जाऊन कागदपत्रं करत होते, तेवढ्यात दादानं डोक्यावरून आंघोळ केली. तोंडाला साबणही लावला. वर त्याचं म्हणणं असं, "बिनआंघोळीचा मी देवापुढं उभा राहत न्हाई, तर आपरेशनला कसा जाऊ?" चौपन्न वर्षांच्या माणसाला यापुढं काय बोलायचं.

उजव्या भुवईवरची आणि उजव्या कानशिलावरची अशा दोन चकत्या त्याच्या हातात आल्या. शाईही धुवून गेली. वहिनीनं पाकिटातल्या टिकल्या काढल्या, त्यांच्या पाठचा डिंक चकत्यांना लावला आणि चकत्या अंदाजानं जागेवर बसवून दिल्या. मला कुणी सांगितलं नाही.

वॉर्डात दादाला गाऊन घालताना माझं लक्ष गेलं. भुवईवरच्या चकतीच्या कडेला, डिंकाबरोबर आलेली मरून रंगाची मखमल डोकावत होती. मी वहिनीकडं पाहिलं. तिनं कपाळावरचा पदर सारखा केला.

"तीस वर्सं टिकली लावून राह्यले," ती म्हणाली. "आरशाबिगर लावली तरी मधोमध बसती. बराबर जागेवरच लावल्यात."

"वहिनी, हे मॅडमला सांगावं लागेल."

"बिलकुल सांगू नका, पुष्पाताई. आज नंबर गेला तर पुन्हा कवा? त्यांना रोज कमी दिसून राह्यलं. कालच्याला ताटातलं लिंबू दिसलं न्हाई."

दादा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाला, "येवढी येवढी चकती. बोटभर हिकडं का तिकडं. जाऊ दे ना."

डॉक्टरसाहेब, वहिनीचं चूक नव्हतं. मॅडमच्या वाट्याला ते यंत्र ठराविक दिवशीच येतं आणि यादी लांब आहे. ही तारीख गेली तर पुढच्या तारखेपर्यंत डोळा थांबेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. मला भीती वाटली. स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी जाईपर्यंत मी त्याच्याबरोबर चालले आणि एक शब्द बोलले नाही. मग दार उघडलं, मॅडम मास्क बांधत बाहेर आल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. आंघोळ, साबण, टिकली, सगळं.

त्या चिडल्या नाहीत. त्यांनी चकत्यांवर टोक टेकवून पाहिलं. मग दादाच्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं आणि मला पडदा दाखवला. फुली नाकाच्या बाहेर, हवेत उभी होती. त्या दोन चकत्या सोडून द्याव्यात तर उरलेल्या बहुतेक मधल्या आणि डाव्या अंगाला येतात, आणि काम उजवीकडं. म्हणजे नव्यानं चकत्या, नव्यानं सी.टी., नवीन तारीख. ती अकरा दिवसांनी, शनिवारी, मिळाली आहे. मी न सांगता यंत्रानं ही चूक पकडली असती का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जागेतल्या फरकाचा आकडा त्यानं जास्त दाखवला असता, आणि मी कदाचित थोडा जास्त म्हणून चालवूनही घेतला असता, खोटं कशाला बोलू.

तुमच्या लक्षात कसं आलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इतक्या वर्षांची सवय. हे उत्तर खरं नव्हतं.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. दादा बोलतो, पण तोंड दुसरीकडं करून.

पुष्पाबाई


पुणे
२९ मार्च २००४

डॉक्टरसाहेब,

शनिवारी ऑपरेशन झालं. डोळा वाचला.

मधल्या अकरा दिवसांत दृष्टी आणखी उतरली होती. आदल्या दिवशी दादाला माझ्या हाताची बोटं मोजता येत नव्हती. ते दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. मी सिस्टर असल्यामुळं मॅडमनी मला आत भिंतीशी उभं राहू दिलं. सव्वादोन तास लागले. बुरशीचा चिखल भरपूर निघाला. एका जागी मॅडम टोक धरून थांबल्या आणि पडद्याकडं पाहत राहिल्या. फुली होती तिथं हाडाची भिंतच उरली नव्हती, पलीकडं थेट डोळा. त्यांनी टोक थोडं मागं घेतलं, वळवलं आणि बाजूनं साफ केलं. नंतर म्हणाल्या, मंगळवारच्या चकत्यांवर गेलो असतो तर या जागी चार-पाच मिलिमीटरची गफलत असती. डोळ्याची नस तिथून जवळच होती.

आज सकाळी त्यानं नर्सच्या छातीवरची पाटी वाचली आणि आडनावावरून तिला विचारलं, तुमचं गाव अंबडजवळ का? ती सांगलीची निघाली. वहिनीनं मला चहा आणून दिला, पण बोलली नाही.

तुम्हाला आणखी एक पत्र लिहायचं आहे. ते इथून लिहिता येणार नाही.

पुष्पाबाई


केदारखेडा
१४ एप्रिल २००४

डॉक्टरसाहेब,

तुम्ही डावं-उजवं विसरला नव्हता. फिल्म उलटी लावलेली होती. मी लावली होती.

त्या दिवशी लाइट गेली होती. जनरेटरवर टेबलावरचा दिवा, सक्शन आणि दुर्बीण एवढंच चालायचं. फिल्म पाहायची पेटी त्यावर नव्हती. अशा वेळी आपण फिल्म खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावायचो आणि बाहेरच्या उजेडात बघायचो. शेकडो वेळा लावली असेल. त्या दिवशी ती पाठमोरी लागली. डावं उजवीकडं गेलं आणि उजवं डावीकडं. तुम्ही जे पाहिलं ते बरोबर पाहिलं, आणि जे पाहिलं त्याप्रमाणं बरोबर काम केलं. खाल्लेली भिंत उजवीकडं आहे असं समजून तुम्ही उजवी बाजू जपून केलीत. मग निर्धास्त होऊन डावीकडं गेलात.

इथवर नुसती चूक आहे. चूक कुणाचीही होते. पुढचं मात्र चूक नाही.

तुम्ही उजव्या बाजूला होता तेव्हा मी खिडकीकडं पाहिलं. फिल्मच्या कोपऱ्यात दादाचं नाव छापलेलं होतं आणि ते उलटं दिसत होतं. मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही डावीकडं जायला अजून वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत मी तुमच्या हातात सात-आठ वेळा हत्यारं दिली. बोलले नाही.

डोळ्यात रक्त उतरलं आणि धावपळ सुरू झाली, तेव्हा मी काचेवरची फिल्म काढून पाकिटात घातली. तुम्ही दुसऱ्या दिवशी ती पाकिटातून काढून सरळ धरली आणि स्वतःवरचा विश्वास घालवून बसलात. मी शेजारी उभी होते. तेव्हाही बोलले नाही. तुम्ही दवाखाना बंद केलात, गाव सोडलंत. फिल्म कुठं गेली माहीत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं तेही खोटं. ती माझ्या कपाटात होती. या पत्राबरोबर रजिस्टरनं पाठवते आहे. कोपऱ्यांना अजून चिकटपट्टी आहे. पट्टी ज्या अंगावरून चिकटवली आहे ते अंग खोलीकडं होतं, काचेकडं नाही, एवढं तपासलंत तर तुमचं तुम्हालाच दिसेल. माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

का बोलले नाही ते लिहिते. आठवडाभर आधी एका ऑपरेशनात मी गॉजचा एक तुकडा कमी भरतोय म्हणून तुम्हाला थांबवलं होतं. तुम्ही भुलीच्या डॉक्टरांसमोर म्हणालात, 'सिस्टर, मागितलं ते हातात द्या. विचार करायला मी आहे.' तुकडा नंतर सापडला, बादलीच्या मागं. त्यामुळं या वेळी बोलायला मी घाबरले. पुन्हा तसंच म्हणाल असं वाटलं. आणि मनाची समजूत अशी घातली, की साहेबांना उलटं दिसलंच असणार, ते मनातल्या मनात फिरवून बघत असतील.

हे सगळं आधी दादाला सांगितलं. मागच्या रविवारी, इथं ओट्यावर. तो शेंगा सोलत होता. त्यानं एकच विचारलं, "तवाच कळलं होतं तुला?" मी हो म्हटलं. तो उठून वावरात गेला तो जेवायच्या वेळेला आला. हात धुता धुता म्हणाला, "साडेआठ वर्सं तो माणूस सोताला येडा समजून राह्यला. आधी त्याला लिही. मंग माझ्याशी काय बोलायचं ते बोल. अन् टाकायच्या आधी मला वाचाया दे."

वहिनी आत ऐकत होती. इतकी वर्षं तिनं भलत्याच माणसाला शिव्या दिल्या. तिनं माझं ताट वाढलं, भाकरी वाढली, माझ्याकडं पाहिलं नाही. मी जेवले.

इथवरचं सगळं दादानं आत्ता वाचलं. कागद डोळ्याजवळ धरून, एकेक ओळ. अर्धा तास लागला त्याला. मग कागद माझ्यापुढं ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"घाबरले आसं लिहिलंस. हे बराबर न्हाई."

मी विचारलं, काय बरोबर नाही?

"त्या हप्त्यात तू घरी आल्ती. दोन दिवस धड जेवली न्हाई. म्हनत होती, येकडाव त्या माणसाला कळलं पायजे. मी हितंच बसल्तो." मग म्हणाला, "तू घाबरली न्हवती, पुष्पे. तुला राग आल्ता."

मी म्हटलं, तुला तसं वाटत असेल तर तसं लिहिते. तो म्हणाला, "मला वाटतं म्हणून लिहू नको. खरं आसंल तर लिही," आणि उठून गेला.

त्याला जाऊन तासभर झाला. मी इथंच बसले आहे, बैलं गोठ्यात आली, वहिनीनं चूल पेटवली. इतकी वर्षं मीसुद्धा भीती असंच म्हणत आले, स्वतःशीही.

खरं आहे. मला राग आला होता. तुम्ही एकदा चुकावं आणि सगळ्यांसमोर चुकावं, असं मला वाटलं होतं, आणि टेबलावर माझा भाऊ होता.

पुष्पा